चिनी पिक्चरवर मी शटर पाडलं

गोधडीचं एक टोक बायकोच्या हातात होतं, एक माझ्या. ओली गोधडी एकट्यानं पिळली जात नाही. समोरासमोर उभं राहायचं आणि दोघांनी आपापल्या उजव्या हाताला पीळ द्यायचा, तेव्हा पाणी निघतं. मी डावीकडे देत होतो. गोधडी नुसती गोल फिरत होती.

"अहो, तुम्ही माझ्याच बाजूनं फिरवून राहिले. पाणी काय तुमच्या धाकानं निघेल?"

मग मी हात बदलला. पाणी निघालं, दोघांच्या पायांवर पडलं. गोधडी दोरीवर टाकली. ती आत गेली आणि म्हणाली, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली ती गेलीच. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. मोठं काही नव्हतं. मोठं काही आम्ही कधी केलंही नाही.

आता कामाचं सांगतो. पुढची गोष्ट त्यानंतर आठ महिन्यांनी घडली आणि ती माझ्या कामातलीच आहे.

मी जळगावच्या एका टॉकीजमध्ये एक्केचाळीस वर्षं ऑपरेटर होतो. टॉकीजचं नाव लिहीत नाही, मालक हयात आहेत. ऑपरेटर म्हणजे पिक्चर चालवणारा माणूस. तुम्ही खाली खुर्चीत बसता तेव्हा तुमच्या डोक्यावरून उजेडाचा झोत जातो, तो जिथून निघतो त्या खोलीला केबिन म्हणतात. तिथं मी. आधी फिल्मची रिळं होती, मग डिजिटल मशीन आली. लॉकडाउननंतर रोजचे शो बंदच झाले. तरी मशीन बंद ठेवली की खराब होते, म्हणून दर गुरुवारी मी जाऊन ती अर्धा तास चालवायचो. समोर साडेसहाशे रिकाम्या खुर्च्या आणि पडद्यावर कुठल्यातरी जुन्या जाहिराती. शेठ म्हणायचे, "नाना, पगार तर देत नाही मी." मी म्हणायचो, "मागितला का?"

ही असताना गुरुवार हा एक दिवस होता. ही गेल्यावर तेवढाच दिवस उरला. बाकीचे सहा मी मेहरूणच्या तलावाला फेऱ्या मारून काढायचो. मुलगी चाळीसगावला दिलेली. ती म्हणायची, नाना, इकडे या. जावई चांगला आहे. पण चांगल्या जावयाच्या घरी सकाळी उठून करायचं काय?

तर एका गुरुवारी शेठ स्वतः केबिनमध्ये आले. हे धाकटे शेठ. थोरले असते तर जिना चढलेच नसते, खालूनच ओरडले असते.

"नाना, हॉल गोदामाला मागतायत. कापूसवाले. मी हो म्हणणार होतो. पण एक मॅडम मागे लागल्यात."

मॅडम म्हणजे सोनवणे मॅडम. धुळ्याला कॉलेजात शिकवतात आणि पिक्चर पाहणाऱ्या लोकांचं एक मंडळ चालवतात. त्यांना दर रविवारी सकाळी हॉल पाहिजे होता, परदेशी पिक्चर दाखवायला. सुरुवात चिनी पिक्चरनं.

शेठ म्हणाले, "मी त्यांना एक रविवार दिला. एक पिक्चर. लोक शेवटपर्यंत बसले तर हॉल दर रविवारी मंडळाला, तुम्ही ऑपरेटर. लोक उठून गेले तर एक तारखेपासून कापूस. बोला."

मी हो म्हणालो. केबिन राहिली तर मला जायला जागा राहणार होती. गेली तर चाळीसगाव.

चिनी पिक्चर मला नवीन नव्हतं. आमच्या तरुणपणी ती ढिगानं यायची. हाँगकाँगची, हिंदीत डब केलेली. खानदेशात त्यांना कराटे पिक्चर म्हणायचे, मग त्यात तलवार असो नाहीतर लाथ. मोठ्या शहरात चालून चालून घासलेली रिळं आमच्याकडे यायची. थोरले शेठ पहिला शो पाहायचे आणि निरोप पाठवायचे, "जिथं कोणी कोणाला मारत नाही ते काप." चार शो बसवायचे तर पिक्चर लांब नको. मी कापायचो. कात्रीनं कापायचं, चिकटपट्टीनं जोडायचं, दोन मिनिटांचं काम. कापलेली फिल्म कचऱ्यात.

ही शुक्रवारी बायकांच्या क्लासमध्ये, म्हणजे बायकांसाठी राखलेल्या खुर्च्यांत, बसून पिक्चर पाहायची. पिक्चरमध्ये काय आहे ते मला तिच्याकडून कळायचं. ऑपरेटर पिक्चर पाहत नाही, पिक्चर नीट चाललंय का ते पाहतो. एकदा अशाच एका कराटे पिक्चरवरून घरी आली ती तणतणतच. चिडली की ती अहिराणीवर यायची.

"गुरू कव्हय मरी गया? मांगला सीनमा भात खाई राह्यना व्हता. पुढला सीनमा तेना फोटोले हार. तुम्हीच मारी टाका का तेले?"

मीच मारला होता. म्हाताऱ्याचं मरण सहा मिनिटांचं होतं, त्यात मारामारी नव्हती. शेठनी सांगितलं, मी कापलं.

हे मी सोनवणे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाना, तुम्ही ज्याला चिनी म्हणता ती तीन ठिकाणची पिक्चरं आहेत. हाँगकाँगची वेगळी, तैवानची वेगळी, चीनची वेगळी. भाषासुद्धा एक नाही."

"आपली अहिराणी आणि पुणेरी मराठी, तसं?"

"त्याहून लांब. आणि दिग्दर्शकांचं तर विचारूच नका. तिकडे कोणी सगळा पडदा रंगानं भरून टाकतो. कोणी मारामारीच अशी बांधतो की नाच वाटावा. आपण ज्याचं पिक्चर आणतोय तो तैवानचा आहे. तो कॅमेरा एका जागी ठेवतो आणि हलवतच नाही."

"कॅमेऱ्याच्या ट्रॉलीला पैसे नव्हते?"

"होते. पण त्याला माणसाच्या तोंडाजवळ जायचं नाही. दारात उभं राहून पाहायचंय."

मला ते दुखवट्याला येणाऱ्या लोकांसारखं वाटलं. तेही दारातच उभे राहतात, चप्पल काढावी की नाही ठरत नाही त्यांचं.

मग इंटरवलचं भांडण झालं. शेठ म्हणाले, इंटरवल पाहिजे. मॅडम म्हणाल्या, या पिक्चरला इंटरवल नाही, दिग्दर्शकानं ते सलग पाहायला केलंय. आमच्या कॅन्टीनचे युनूसभाई मध्ये पडले. "मॅडम, सलग पाहायला केलं असेल. पण सलग बसायला माणूस केला नाही ना. त्याला लघवी लागते, त्याला समोसा लागतो."

शेवटी शेठ वैतागून म्हणाले, "ठीक आहे, नको इंटरवल. पण कोणी उठलं तर मी मोजणार. मग म्हणू नका, लघवीला उठला होता."

माझी अडचण वेगळीच होती. ऑपरेटर पिक्चर आधी एकदा चालवून पाहतो. आवाज किती, उजेड किती, कुठं खराब आहे का, ते कळतं. पण हे पिक्चर ज्या डिस्कवर होतं ती शनिवारी रात्री नाशिकच्या दुसऱ्या मंडळाकडे होती. ती धुळ्याला आली पहाटे आणि मॅडम ती पिशवीत घालून एसटीनं जळगावला आल्या साडेनऊला. शो अकराचा. डिस्कवरचं पिक्चर मशीनच्या सर्व्हरमध्ये उतरवून घ्यावं लागतं, तरच चालतं. त्यात तास गेला. पाहायला वेळच उरला नाही. मी सुरुवातीची दोन मिनिटं लावून आवाज बसवला, बस.

आणि मी चौथी शिकलेला माणूस. मराठी पेपर वाचतो. पिक्चर चिनी आणि खालची पट्टी इंग्रजी. दोन्ही माझ्या कामाचं नाही. म्हणून मी केबिनमधला छोटा स्पीकर अगदी बारीक करून ठेवला. कळत नाही ते ऐकून करायचं काय? ही माझी पहिली चूक. तिचं पुढं येईल.

अकराला सत्तर-बहात्तर लोक होते. कॉलेजची पोरंपोरी, मॅडमच्या ओळखीचे मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले, आणि बाहेर बोर्डावर 'चिनी' वाचून कराटेच्या आशेनं आलेले माझ्या वयाचे पाच-सहा जण. शेठ मागच्या दाराशी स्टूल टाकून बसले.

पिक्चरमध्ये एक म्हातारा-म्हातारी. रेल्वे लायनीच्या कडेला त्यांची छोटी खानावळ. ती शेवया उकळते, तो टेबलं पुसतो. ती त्याला बोलते, तो ऐकत नाही. मग ती खोकते. मग ती दिसेनाशी होते, तो पिशवी घेऊन कुठंतरी जातो-येतो. मॅडम म्हणाल्या तसंच, कॅमेरा दारातून हलत नव्हता. माणसं चालत चालत पडद्याबाहेर जायची आणि कॅमेरा तिथंच राहायचा, रिकामी खोली दाखवत. कराटेवाल्यांपैकी दोघं उठले. शेठनी वळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. केबिनच्या भिंतीला काचेची खिडकी असते, तिथून आम्ही पडदा पाहतो. मी मान हलवली, दोनच आहेत म्हणून.

मग तो सीन आला. स्वयंपाकघर. एक टेबल, दोन खुर्च्या. मागं चूल, चुलीवर पातेलं. म्हातारा येतो, पिशवी खाली ठेवतो, खुर्चीत बसतो, आणि पाहतो. आमच्याकडे नाही, भिंतीकडे नाही, कुठंच नाही. मी खिडकीशी उभा. पाच सेकंद गेले. दहा. वीस. काही हलेना. हात हलेना, पापणी हलेना.

आता ऑपरेटरच्या हाताचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फिल्मच्या काळात चित्र पडद्यावर उभं राहिलं याचा अर्थ एकच, फिल्म मशीनमध्ये अडकली. मागं दिव्याची आग. डोळा मिटायच्या आत फिल्म वितळते, भोक पडतं. म्हणून दिव्यासमोर एक झडप असते, तिला शटर म्हणायचो. चित्र थांबलं की पहिला हात शटरवर, विचार नंतर. डिजिटलमध्ये फिल्म जळत नाही, पण सर्व्हर कधी कधी हँग होतो. हिरोचं तोंड वेडंवाकडं अर्धवट उभं राहतं आणि लोक शिट्ट्या मारतात. म्हणून तिथंही आधी शटर. हिंदी पिक्चरमध्ये चित्र आपणहून कधी उभं राहत नाही. एक्केचाळीस वर्षांत मी उभं चित्र पाहिलं ते फक्त बिघाडाचं.

माझा हात गेला. शटर पडलं. हॉलमध्ये काळोख.

मी सर्व्हरकडे वळलो. सर्व्हर व्यवस्थित चालू होता. आकडे पुढं सरकत होते. मी छोटा स्पीकर मोठा केला. पातेल्यावरचं झाकण खडखडत होतं. बारीक, थांबून थांबून, आतलं उकळत असताना खडखडतं तसं. आणि म्हाताऱ्याचा श्वास. पिक्चर चालू होतं. मीच झाकलं होतं.

स्पीकर आधी मोठा असता तर हात गेला नसता.

मी शटर उघडायला हात टाकला तोवर खाली दुसरंच सुरू झालं. युनूसभाईंनी कॅन्टीनमधून काळोख पाहिला आणि त्यांना वाटलं, मॅडम नरमल्या, इंटरवल झाला. त्यांनी दोन्ही दारं उघडली, हॉलमध्ये ऊन आलं, आणि ओरडले, "गरम समोसा! चाय गरम!" लोक उठले. उठणारच.

मी पिक्चर थांबवलं आणि हॉलचे दिवे लावले. तेवढ्यात मॅडम धापा टाकत वर आल्या.

"नाना, काय झालं?"

"अडकलं वाटलं. हलत नव्हता तो."

"नाना, तो हलत नाही. ती गेलीय. तो दवाखान्यातून आलाय आणि नुसता बसलाय. चार मिनिटांचा शॉट आहे तो. सगळ्या पिक्चरचा जीव तिथं आहे."

"गेली? कधी गेली? दाखवलं कुठं?"

"दाखवलं नाही. तो दिग्दर्शक मरण दाखवत नाही. त्यानं ते मुद्दाम ठेवलंच नाही पिक्चरमध्ये."

मी कापायचो ते शेठनी सांगितलं म्हणून. या माणसाला कोणी सांगितलं नव्हतं. यानं आपणहून ठेवलं नाही.

शेठ आले. ते रागावलेले नव्हते, उलट खुशीत होते. "झालं ते बरं झालं, नाना. युनूसभाईंनी वाट मोकळी केली. आता माईकवरून सांगा, इंटरवल दहा मिनिटांचा. लोक खातील, परत येतील. मी एकाला पण उठला म्हणून धरणार नाही. जिथं बंद पडलं तिथून पुढं लावा."

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनाही हॉल पाहिजे होता.

"आणि इंटरवल नाही म्हटलं तर?" मी विचारलं.

"तर हे सगळे उठलेले आहेत, नाना. मी मघाशीच सांगितलंय. परत किती बसतात ते मोजीन."

सोपं होतं. इंटरवल म्हणायचं. कोणाला कळलं असतं?

इथं एक गोष्ट लिहावी लागेल, नाहीतर मी पुढं केलं ते येडपटपणाचं वाटेल. ही गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. मी खाली औषधाच्या दुकानात होतो. चिठ्ठीवरचं एक इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं, दुकानदार म्हणाला समोरच्याकडे बघा, मी रस्ता ओलांडून गेलो, तिथं रांग होती. वर आलो तर कॉटला पडदा लावलेला. दहाव्याला सगळे विचारत होते, शेवटी काय बोलल्या? मी म्हणायचो, काही नाही, हात हातात होता, शांत गेल्या. मुलीलाही तेच सांगितलं. चांगलं वाटतं ऐकणाऱ्याला. आठ महिने मी तो सीन लोकांना दाखवत होतो, जो झालाच नव्हता.

आणि इकडे या तैवानच्या माणसानं तो सीन ठेवलाच नव्हता. मला वाटलं, त्याचा म्हाताराही तिथं नसणार. जे त्यानं पाहिलं नाही ते दाखवायचं कसं?

मी मॅडमना विचारलं, "त्या शॉटच्या मध्ये समोसा चालेल का?"

"नाही चालणार, नाना. पण..."

"मग झालं."

मी खाली गेलो. एक्केचाळीस वर्षांत मी पडद्यापुढं कधी उभा राहिलो नव्हतो. माझ्या मागं पडदा, समोर लोक, कोणाच्या हातात समोसा, कोणाच्या हातात चहा. मी माईक घेतला नाही.

म्हणालो, "मी ऑपरेटर आहे. हा इंटरवल नाही. पिक्चर अडकलं नव्हतं, मला अडकलं वाटलं म्हणून मी बंद केलं. चूक माझी. त्या माणसाची बायको गेलीय. तो घरी येऊन बसलाय. चार मिनिटं तो हलत नाही. ते मी पहिल्यापासून परत दाखवणार आहे. कोणाला जायचं असेल तर आत्ता जा, मधून उठू नका."

मागून एक कराटेवाला म्हणाला, "नाना, चार मिनिटांनंतर तरी हलतो का?"

"मला माहीत नाही. मी पुढं पाहिलं नाही."

लोक हसले. एक मास्तर उठून बायकोला म्हणाले, "नुसतं बसायचंच असेल तर घरी बसू की." ते गेले. त्यांच्या मागं आणखी गेले. शेठ दाराशी बोटांवर मोजत होते, मला दिसत होतं. युनूसभाईंनी मात्र स्वतः दारं लावून घेतली आणि समोशाची परात खाली ठेवून मागच्या रांगेत बसले.

मी वर गेलो. पिक्चर मागं घेतलं, म्हातारा पिशवी घेऊन दारात येतो तिथपर्यंत. दिवे घालवले. शटर उघडलं. या खेपेला स्पीकर मोठा ठेवला.

म्हातारा आला, पिशवी ठेवली, बसला. झाकण खडखडायला लागलं.

मला खिडकीशी उभं राहवलं नाही. कामावर असताना मशीन सोडून जायचं नसतं, हा पहिला नियम. मी तो तेव्हा एकदाच मोडला. बाहेर येऊन जिन्यात बसलो. भिंतीतून आवाज येत होता. खाली कोणी खोकत नव्हतं. कापसाची गाडी बाहेर उभी राहिली असती तरी ऐकू आली असती. मी पायरीवर बसून राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मॅडम म्हणतात चार मिनिटं.

मग हॉलमधून हसण्याचा आवाज आला. मोठा नाही. पंचेचाळीस माणसं एकदम हलकं हसली तर येतो तेवढा. मी उठून आत धावलो. तोवर सीन बदलला होता. म्हातारा बाजारात उभा होता, हातात पालेभाजी.

पिक्चर पुढं तास-सव्वा तास चाललं. नंतर एकही जण उठला नाही. पण शेठचा हिशोब त्याआधीच झालेला होता.

शो सुटल्यावर ते वर आले. "नाना, सव्वीस गेले."

"हो."

"मी इंटरवल म्हणा म्हणालो होतो."

"म्हणाला होतात तुम्ही. चूक माझी आहे, पिक्चरची नाही."

"ते मला कळतं. पण कापूसवाल्यांना मी तोंड काय दाखवू? ते वर्षाची बोली करतायत." मग म्हणाले, "किल्ली उद्या दुपारपर्यंत दिली तरी चालेल. घाई नाही." धाकटे शेठ वाईट माणूस नाहीत. थोरले असते तर किल्ली तिथल्या तिथं मागितली असती.

मॅडम त्या दिवशी बहिणीकडे मुक्कामाला राहणार होत्या, डिस्क दुसऱ्या दिवशी दुपारी नेणार होत्या. जाताना मी त्यांना विचारलं, "ते हसले कशाला?"

"कधी?"

"तो बसला होता तेव्हा. शेवटी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलं नाही?"

"मी जिन्यात होतो."

"मग मी नाही सांगणार. पिक्चर सर्व्हरवर आहे, नाना."

नवीन ऑपरेटर भेटला तर त्याला मी एवढंच सांगेन. चित्र उभं राहिलं तर आधी आवाज ऐक, मग हात लाव. आणि जे पिक्चर आधी पाहिलं नाही त्याचा छोटा स्पीकर बारीक करू नको, भाषा कळो न कळो. पण आता नवीन ऑपरेटर होत नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठला गेलो. चहा प्यालो नव्हतो. मशीन चालू केली, दिवा तापू दिला, पिक्चर पहिल्यापासून लावलं आणि खाली जाऊन मधल्या रांगेत बसलो. तो सीन येईपर्यंत पन्नास मिनिटं लागली. मी पुढं पळवलं नाही.

म्हातारा आला. पिशवी ठेवली. बसला. झाकण खडखडत राहिलं. खाली बसून पाहिलं की कळतं, तो अगदीच हलत नाही असं नाही. श्वासानं सदऱ्याचं बटण वर-खाली होतं. वरच्या खिडकीतून ते दिसत नाही.

मग झाकण जोरात उडायला लागतं, पाणी उतू जातं. तो उठतो. झाकण काढतो, हात भाजतो, झटकतो. पळीनं चाखतो. तोंड असं वाकडं करतो की विचारू नका. मीठ टाकतो. परत चाखतो. परत तोंड वाकडं. मग डबाच ओततो.

मी हसलो. साडेसहाशे खुर्च्यांत एकटा, आवाज घुमला.

पिक्चर संपेपर्यंत बसलो. मग वर गेलो, दिवा बंद केला. दिवा गार होईपर्यंत पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवावा लागतो, तेवढा ठेवला. डिस्क पिशवीत घालून युनूसभाईंकडे दिली, मॅडम येतील म्हणून सांगितलं. मेन स्विच खाली ओढला. कुलूप लावलं आणि तिथंच जिन्यात उभं राहून चाळीसगावला फोन लावला. मुलीला म्हणालो, तुझी आई गेली तेव्हा मी जवळ नव्हतो, औषधाच्या रांगेत होतो. मग किल्ली द्यायला शेठच्या दुकानाकडे निघालो.